कठीण काळात देवावर भरवसा: विलापाच्या स्तोत्रांतून आशेकडे जाणारी वाट

संकटात सापडलेल्या माणसाला विश्वासी लोकांकडून सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारं वाक्य म्हणजे, "काळजी करू नका, प्रभू सगळं चांगलं करील." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ऐकणारा मान हलवतो, "आमेन" म्हणतो, आणि घरी येऊन दार लावून रडतो. मग त्या रडण्याचीही त्याला लाज वाटते, कारण आपलाच विश्वास कमी पडला असं त्याच्या मनात बसतं.

पवित्र शास्त्र रडणाऱ्यांना असं गप्प बसवत नाही. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. त्यांत तक्रार आहे, "का" आणि "कोठवर" आहे, काही ठिकाणी तर थेट देवालाच जाब विचारलेला आहे. आणि ही स्तोत्रं कोणाच्या खासगी वहीत पडून राहिली नाहीत, लोकांनी ती उपासनेत गायली. दुःख घेऊन आपण कोणाकडे जातो, यात आपला भरवसा दिसतो. मन शांत आहे की वादळात आहे, हा नंतरचा प्रश्न. पुढच्या पायऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत. पहिल्या तीन शक्यतो क्रमाने घ्या, बाकीच्या गरजेप्रमाणे पुढेमागे झाल्या तरी चालेल.

पायरी १: आधी झोप, जेवण आणि गरज असेल तर डॉक्टर

एलीयाची गोष्ट (१ राजे १९) आपल्याला वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरच्या मंद वाणीसाठी आठवते. त्याआधीचा भाग मात्र आपण घाईने वाचतो. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि "आता पुरे, माझा प्राण घे" असं देवाला म्हणाला. त्यावर देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला स्पर्श करून उठवलं, भाजलेली भाकर आणि पाणी त्याच्यापुढे ठेवलं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावलं, कारण पुढचा प्रवास त्याला झेपणारा नव्हता. होरेब डोंगरावरचं देवाशी संभाषण झालं ते त्यानंतर चाळीस दिवसांच्या वाटचालीने.

म्हणून संकट कोसळलं की पहिल्या आठवड्यात मोठा आध्यात्मिक कार्यक्रम आखू नका. झोपायची वेळ ठरवा, भूक नसली तरी वेळेवर दोन घास खा, दिवसातून एकदा तरी घराबाहेर चालून या. उपास करायची इच्छा झाली तर थोडं थांबा. आधीच झोप आणि अन्न तुटलेल्या शरीरावर उपास लादू नये असं माझं मत आहे. राजीनामा, घर विकणं, नातं तोडणं, मंडळी (चर्च) सोडणं असे निर्णय शक्य असेल तर पुढे ढकला. "हे झालं तर मी तुझ्यासाठी ते करीन" असे देवाशी सौदेही या दिवसांत करू नका. नवस करून तो न फेडण्यापेक्षा न करणं बरं, असं उपदेशक ५:५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, आणि घाबरलेलं मन झेपणार नाही असंच काहीतरी कबूल करून बसतं.

आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच रस उरला नसेल, रोजची कामं होत नसतील, तर डॉक्टरांकडे जा. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं कोणी सांगितलं तर ते ऐकू नका, आणि चालू असलेलं औषध विश्वासाचा पुरावा म्हणून स्वतःहून बंद करू नका. एकोणिसाव्या शतकातले लंडनचे नावाजलेले उपदेशक चार्ल्स स्पर्जन (१८३४–१८९२) यांना आयुष्यभर खिन्नतेने ग्रासलं होतं. १८५६ मध्ये त्यांच्या एका मोठ्या सभेत कोणीतरी "आग लागली" अशी खोटी आरोळी ठोकली आणि चेंगराचेंगरीत सात जण मेले. त्याचा घाव त्यांच्या मनावर कायम राहिला. आपल्या खिन्नतेबद्दल ते उघडपणे बोलत. त्यांचा विश्वास कच्चा होता असं कोणी म्हणत नाही.

जीव द्यावासा वाटत असेल, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. जवळच्या माणसाला आत्ता, याच शब्दांत सांगा, एकटे राहू नका, आणि तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला किंवा रुग्णालयाला लगेच फोन करा. एलीयाने मरण मागितलं ते पवित्र शास्त्राने लपवलं नाही. तुम्हीही लपवू नका.

पायरी २: जे झालं आहे ते एका वाक्यात लिहा

"सगळंच बिघडलं आहे" अशी प्रार्थना करता येते, पण तिने मन हलकं होत नाही. काय झालं आहे ते एका साध्या वाक्यात लिहा: "माझं काम गेलं." "तपासणीत गाठ निघाली." "तो परत येणार नाही." त्याखाली दुसरं वाक्य लिहा: "मला भीती वाटते की..." पहिलं घडून गेलेलं आहे, दुसरं अजून घडलेलं नाही. ही दोन्ही मनात एकात एक मिसळलेली असतात, आणि कागदावर वेगळी झाली की कशासाठी रडायचं आणि कशासाठी मागायचं हे कळू लागतं.

बहुतेकांच्या मनात तिसरं वाक्यही असतं: "माझ्या कोणत्या पापाची ही शिक्षा?" शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं होतं. येशूने उत्तर दिलं की त्याने पाप केलं नाही आणि त्याच्या आईबापांनीही केलं नाही (योहान ९:३). बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक पापी होते का, या प्रश्नालाही त्याने नकारच दिला (लूक १३:४-५). एखादं ठरावीक पाप खरोखर टोचत असेल तर स्तोत्र ५१ घ्या, ते पाप नाव घेऊन कबूल करा, ज्याचं नुकसान केलं असेल त्याच्याशी समेट करा आणि पापं कबूल केली तर देव क्षमा करतो हे वचन (१ योहान १:९) धरून पुढे चला. पण बोट ठेवता येत नाही अशा धूसर अपराधीपणाच्या मागे आठवडाभर फिरत बसू नका.

पायरी ३: स्वतःचा विलाप लिहा

या लेखातलं मुख्य काम हेच आहे. त्यासाठी स्तोत्र १३ उघडा. अवघ्या सहा वचनांचं स्तोत्र आहे. पहिल्या दोन वचनांत "कोठवर" हा प्रश्न चार वेळा येतो: तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी कोठवर मनात दुःख वागवू, माझा वैरी कोठवर वरचढ राहणार. तिसऱ्या आणि चौथ्या वचनात मागणी आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांना तेज दे. शेवटच्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता म्हणतो की मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे आणि मी गाईन. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये परिस्थिती बदलल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. वैरी तिथेच आहे. त्या "पण मी तर"पर्यंत पोहोचायला दावीदाला एक श्वास लागला की एक वर्ष, हे स्तोत्र सांगत नाही.

बहुतेक विलापस्तोत्रांची घडण साधारण अशीच असते: हाक, तक्रार, मागणी आणि भरवसा. तुम्हालाही याच चार भागांत लिहायचं आहे. एकांतातली पंधरा-वीस मिनिटं आणि कागद पुरे. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण कागदावर हात सावकाश चालतो आणि मनही त्याच्याबरोबर सावकाश होतं.

हाकेत देवाला तुम्ही ज्या नावाने ओळखता त्याच नावाने बोलवा. पिता म्हणवत नसेल, वडिलांच्या आठवणी कडू असतील, तर प्रभू म्हणा, मेंढपाळ म्हणा, नुसतं "देवा" म्हणा. स्तोत्र ८८ सारखं काळंकुट्ट स्तोत्रही "माझ्या तारणाच्या देवा" या हाकेने उघडतं, आणि त्या अख्ख्या स्तोत्रातला उजेड जवळजवळ तेवढाच आहे.

तक्रारीच्या भागात लोक अडखळतात. देवाशी असं कसं बोलायचं? पण संदेष्टा हबक्कूक बोलला, यिर्मया बोलला, सगळं गमावलेला ईयोब तर अध्यायच्या अध्याय बोलला. त्याच्या मित्रांनी सगळा वेळ देवाची बाजू मांडली, आणि शेवटी देव त्या मित्रांनाच म्हणाला की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत (ईयोब ४२:७). तेव्हा भाषा साफसूफ करत बसू नका. "मला थोडं वाईट वाटतं" असं लिहू नका, जे वाटतं ते लिहा. कोणाचा राग असेल तर तोही इथेच लिहा. ज्यांनी छळलं त्यांच्या नाशाची मागणी करणारी स्तोत्रं आपण उपासनेत टाळतो, पण सूड देवाच्या हाती सोपवण्याचं काम तीच करतात. एकदा तिथे टाकलेला राग फोनवरून आणि घरातल्या माणसांवर काढावा लागत नाही.

मागणी नेमकी असू द्या. "तुझी इच्छा पूर्ण होवो" हे वाक्य येशूने पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत म्हटलं, पण त्याआधी "हा प्याला माझ्यापासून टळून जावो" असं सरळ मागितलं. पुष्कळदा आपण मागणीचं वाक्य गाळून थेट "तुझी इच्छा"वर जातो, कारण मागून मिळालं नाही तर काय, ही भीती असते. मागा. देवाची लाज राखण्याची जबाबदारी आपली नाही.

भरवशाच्या भागात भावना लिहायची गरज नाही. देवाने काय केलं आहे ते लिहा: पवित्र शास्त्रातलं एक कृत्य आणि तुमच्या आयुष्यातलं एक. तेही जमत नसेल तर "भरवसा ठेवायची माझी इच्छा आहे" एवढंच लिहा. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" असं म्हणणाऱ्या बापाच्या मुलाला येशूने बरं केलंच (मार्क ९:२४).

नमुन्यासाठी, नोकरी गेलेल्या एका कल्पनेतल्या माणसाचा हा विलाप:

"हे प्रभू, माझ्या आईच्या उदरात तू मला घडवलंस, असं मी लहानपणापासून म्हणत आलो.
आज तू कुठे आहेस ते मला कळत नाही. सकाळी मुलं शाळेला निघतात तेव्हा मी कामात असल्याचं सोंग करतो. ज्यांनी खोटे हिशेब लिहिले ते अजून खुर्चीत आहेत आणि मी खरं बोललो म्हणून बाहेर आहे. हे तुला दिसत नाही का? किती दिवस मी बायकोच्या नजरेला नजर द्यायचं टाळू?
मला काम दे. याच महिन्यात दे. आणि ते मिळेपर्यंत माझ्या जिभेला आवर घाल, मी घरातल्यांवर ओरडतो आहे.
तू तुझ्या लोकांना मिसरातून बाहेर काढलंस. तू येशूला कबरेत ठेवलं नाहीस. आमची मुलगी आजारी होती त्या रात्री तू होतास. आज मी एवढ्यावरच भार टाकून झोपतो."

लिहून झालं की मोठ्याने वाचा. कुजबुजत वाचलं तरी चालेल, पण ओठांतून बाहेर येऊ द्या. दुसऱ्या दिवशी तोच कागद घ्या किंवा नवा लिहा.

शेवटचा भाग येतच नसेल तर ओढूनताणून आणू नका. स्तोत्र ८८ अंधारात संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. विलापगीत हे पुस्तकही इथे उपयोगी पडतं. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, त्या उद्ध्वस्त शहरावरची ही पाच गीतं आहेत. मूळ हिब्रूत पहिली चार गीतं वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने बांधलेली आहेत, म्हणजे दुःखाने वेडापिसा झालेला कवी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत शिस्तीने रडतो. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, हे आपल्याला पाठ असलेलं वचन (३:२२-२३) पुस्तकाच्या मधोमध येतं. त्यानंतरही रडणं चालू राहतं आणि पुस्तक संपतं ते "तू आम्हाला अगदीच टाकून दिलंस की काय" अशा सुरावर. आशेचा एक क्षण येऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काळोख झाला तर घाबरू नका. विलापगीतातही तसंच झालं आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. आठवडेच्या आठवडे फक्त तक्रारीचाच भाग लांबत चालला आणि तीच ती वाक्यं फिरून येऊ लागली, तर तक्रारीला पाच ओळींची मर्यादा घाला, थेट मागणीकडे जा, आणि तो कागद भरवशाच्या एखाद्या माणसाला वाचून दाखवा.

पायरी ४: अभिवचनं मागच्यापुढच्या वचनांसकट वाचा

संकटात लोक आपल्याला वचनं पाठवतात आणि आपणही एकेक वचन धरून बसतो. त्यातली काही ज्या अर्थाने पाठवली जातात त्या अर्थाने लिहिलेलीच नसतात, आणि मग अपेक्षाभंग झाला की दोष देवाच्या माथी येतो.

यिर्मया २९:११ घ्या. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा आणि भवितव्य देण्याचे आहेत, असं देव तिथे म्हणतो. हे वाक्य बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा माणूस दोन वर्षांत सगळे परत येतील असं देवाच्या नावाने सांगत होता. लोकांना अर्थातच हनन्या आवडला असणार. यिर्मयाने त्याला खोटं ठरवलं आणि कैद्यांना लिहिलं: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा की संकट टळायची वाट बघत आयुष्य थांबवून ठेवायचं नाही. आजारपण चालू असतानाच मुलाचा अभ्यास घ्यायचा, कुंड्यांना पाणी घालायचं, शेजाऱ्याची चौकशी करायची.

आणि तुमच्या दुःखाला कोणी हनन्यासारखी तारीख देत असेल, "अमुक दिवसांत चमत्कार होईल, फक्त एवढं दान द्या" असं म्हणत असेल, तर तिथून निघा. पैसे देऊन कृपा मिळत नाही.

फिलिप्पै ४:१३, "मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्वकाही करू शकतो," हे वचन परीक्षेत आणि स्पर्धेत यश मिळवण्यासाठी भिंतीवर लावलेलं असतं. प्रेषित पौल ते बेड्यांत असताना लिहितो. आधीच्या दोन वचनांत तो म्हणतो की भरपूर असताना आणि उपाशी असताना कसं राहावं हे मी शिकलो आहे. "सर्वकाही" मध्ये उपाशी राहणंही येतं.

"झेपणार नाही इतकं दुःख देव देत नाही" असंही पुष्कळ जण सांगतात. असं वचन नाही. त्यामागे असतं ते १ करिंथ १०:१३, आणि ते मोहाच्या परीक्षेबद्दल आहे. दुःखाबद्दल तोच पौल २ करिंथ १:८ मध्ये लिहितो की आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, इतका की आम्ही जगण्याचीही आशा सोडली. पुढच्या वचनात तो कारणही सांगतो: आम्ही स्वतःवर नाही, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून. तुम्हाला झेपत नाही ही कबुली पौलाच्या तोंडी शोभते, तर तुमच्याही शोभेल.

देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून हिताच्या ठरतात, असं सांगणाऱ्या रोम ८:२८ बद्दल एवढंच: ते स्वतःसाठी वाचा, सगळा अध्याय वाचा, पण ताज्या दुःखात असलेल्या दुसऱ्या माणसाला ते ऐकवू नका. मेलेल्या लाजाराला आपण उठवणार हे येशूला माहीत होतं, तरी त्याच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून तो आधी रडला.

पायरी ५: दोन रकाने करा

एक पान घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे तुम्ही देवाकडे जे मागता आहात ते लिहा: बरं होणं, मूल, घर, न्याय, एखाद्या माणसाचं परत येणं. उजवीकडे देवाने येशूमध्ये प्रत्येक विश्वासणाऱ्याला जे खरोखर वचन दिलं आहे ते लिहा: पापांची क्षमा, पवित्र आत्मा, "मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही" (इब्री १३:५), मेलेल्यांचं पुनरुत्थान, आणि शेवटी डोळ्यांतला प्रत्येक अश्रू पुसला जाणं (प्रकटी २१:४).

डावा रकाना खोडायचा नाही. त्यासाठी रोज मागत राहायचं. पण आशेचा नांगर उजव्या रकान्यात टाकायचा. ख्रिस्ती आशा एका घडलेल्या गोष्टीवर उभी आहे. येशू मेला, त्याला पुरलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला; हे झालं नसेल तर आपला विश्वास फुकट आहे, असं पौल १ करिंथ १५ मध्ये आडपडदा न ठेवता म्हणतो. पेत्र तिला जिवंत आशा म्हणतो (१ पेत्र १:३) आणि तिचं कारण म्हणून पुनरुत्थानाकडेच बोट दाखवतो. तुमचा पुढचा रिपोर्ट वाईट आला तरी ईस्टरची सकाळ रद्द होत नाही.

डाव्या रकान्यातलं काही मिळेल, काही मिळणार नाही. इब्री ११ मध्ये विश्वासाने सिंहांची तोंडं बंद करणारे आहेत, आणि त्याच परिच्छेदात, ३५व्या वचनाच्या मध्यावर, वळण घेऊन विश्वासानेच छळ सोसणारे, करवतीने चिरले गेलेले आहेत. दोघांच्याही विश्वासाची साक्ष एकाच दमात दिली आहे. पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत सलणारी पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली; काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर मिळालं. असं उत्तर तुमच्या वाट्याला आलं तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर जायला मोकळीक आहे.

पायरी ६: कोणाला तरी सांगा, आणि काय हवं तेही सांगा

त्या रात्री गेथशेमानेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ घेतलं आणि सांगितलं की माझा जीव मरणप्राय दुःखी आहे, इथे थांबा आणि जागे राहा. त्याला स्वतःला माणसं हवी होती, मग आपल्याला हवी असण्यात कमीपणा कसला? ते झोपी गेले ही गोष्ट वेगळी. आपली माणसंही कधी कधी झोपी जातात.

संपूर्ण मंडळीला सांगायची गरज नाही. दोन किंवा तीन माणसं निवडा: ज्यांच्या पोटात गोष्ट राहते, जी लगेच उपाय सांगत नाहीत, आणि ज्यांनी स्वतः काही सोसलेलं आहे. शक्य असेल तर एक पाळक किंवा मंडळीतली अनुभवी व्यक्ती त्यांत असू द्या. मग स्पष्ट मागा. "प्रार्थना करा" इतकंच सांगितलं की समोरचा "हो" म्हणून मोकळा होतो. "मंगळवारी माझ्याबरोबर दवाखान्यात येशील का?" "रोज रात्री एक स्तोत्र फोनवर वाचून दाखवशील का?" असं विचारलं की लोकांनाही बरं वाटतं, कारण पुष्कळांना मदत करायची असते पण काय करावं ते कळत नाही.

तुम्ही अशा माणसाजवळ बसणार असाल तर ईयोबाच्या मित्रांचा पहिला आठवडा लक्षात ठेवा. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचं बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

पायरी ७: प्रार्थनाच होत नाही तेव्हा

असे दिवस येतात. रोम ८:२६ त्यांच्यासाठीच आहे: काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. अशा वेळी उसने शब्द घ्या. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा. एकच स्तोत्र आठवडाभर वाचा. उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसा आणि गाणं इतरांना गाऊ द्या. पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं, तेव्हा येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असं मार्क २:५ मध्ये लिहिलं आहे. खाटेवरच्या माणसाने स्वतः काही मागितल्याची नोंद नाही.

आणखी एक छोटं काम सुरू ठेवा. वहीच्या शेवटच्या पानावर दिवसातली एक मदत तारखेसह लिहा: कोणाचा फोन आला, वेदना तासभर कमी झाली, मूल हसलं. यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने बारा धोंडे रचून घेतले ते पुढे मुलांनी विचारावं म्हणून; ही नोंदही तशीच पुढच्या दिवसांसाठी आहे. स्तोत्र ७७ चा कवी पहिल्या अर्ध्या भागात देव दया करायचं विसरला का असं विचारतो आणि दुसऱ्या अर्ध्या भागात जुनी कृत्यं आठवत सुटतो. आठवायला काही हवं असेल तर ते आधी लिहून ठेवलेलं बरं.

कोणत्या वेळी कोणतं स्तोत्र

रात्री झोप लागत नसेल तर ४ किंवा ७७. आजारात ६, ३८ आणि ४१. जवळच्या मित्राने दगा दिला असेल तर ५५. त्यातलं "वैऱ्याने केलं असतं तर सोसलं असतं" हे दुःख जुनंच आहे. अपराध टोचत असेल तर ३२, ५१, १३०. भीती वाटत असेल तर २७ आणि ५६. एकटेपणात २५ आणि १४२. वाईट माणसांचं भलं होताना पाहून चीड आली असेल तर ७३, आणि अन्यायाविरुद्ध ओरडायचं असेल तर १० आणि ९४. म्हातारपणी शक्ती सरताना ७१. घरात मृत्यू झाला असेल तर ९०. सगळ्या मंडळीवर संकट आलं असेल तर ४४, ७४, ८०, आणि ही एकत्र मोठ्याने वाचायची. मन खचलं असेल आणि स्वतःशीच बोलून त्याला उठवावं लागत असेल तर ४२ आणि ४३ जोडून, कारण "माझ्या जिवा, तू का खिन्न झालास" हा प्रश्न त्या दोन्हींत मिळून तीनदा येतो. काहीच उरलं नसेल त्या दिवशी ८८.

यातलं कुठलं निवडावं ते सुचत नसेल तर रोज पाच याप्रमाणे क्रमाने वाचत जा. तीस दिवसांत १५० होतात, आणि वाटेत कुठल्या स्तोत्राजवळ थांबायचं ते तुम्हाला आपोआप कळेल. तिथे खूण करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू करा.